पीपे खाली आहेत

शेवडेजी झाडू विकत घ्यायला गेले की आधी दुकानदाराचं दुकान झाडून काढत. खोटं नाही सांगत. सियागंज बाजारातला दुकानदार गादीवर लोडाला टेकून बसलेला, आणि हे एका हातानं धोतराचा सोगा सावरत त्याच्याच दुकानाचा कोपरान् कोपरा झाडतायत. मग झाडू तीनदा फरशीवर आपटायचा, गळालेल्या काड्या गोळा करायच्या आणि त्या दुकानदाराच्या हातात ठेवायच्या. "ह्या तुमच्या. उरलेला झाडू चालेल." नाहीतर, "ह्या एवढ्या तुमच्या, तर झाडूही तुमच्याकडेच राहू द्या." दुकानदार हसायचे, पण आतून चडफडायचे.

मी तेव्हा इंदूरच्या तोफखाना भागातल्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात टायपिस्ट होते. मध्यप्रदेश नवानवा झालेला. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूरचे म्हातारे ओट्यांवर बसून हळहळत होते, आणि ऑफिसाऑफिसांत हिंदी, इंग्रजी आणि मराठी अशा तीन सवतींचा संसार चालू होता. आमच्या सेठजींचा धंदा साफसफाईचा आणि देखभालीचा. दोन मिला, एक होस्टेल आणि एक मोठा दवाखाना, एवढ्या जागांचं झाडणं-पुसणं, चुना-सफेदी, उन्हाळ्यात दारं-खिडक्यांना वाळ्याच्या टट्ट्या, सगळं आमच्या गळ्यात. माणसं आमची, मालही आमचा. तो माल बघून, पारखून आणायचं काम शेवडेजींचं. त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर 'परचेस' असं लिहिलेलं होतं. सेठजी त्यांना 'परचेसबाबू' म्हणायचे, आणि शेवडेजींना ते मुळीच आवडायचं नाही.

"बाबू कसला? मी मोदी आहे," ते म्हणायचे. "आमचे वडील सरकारी फीलखान्यात मोदी होते. हत्तींचा शिधा आणायचे. मी माणसांच्या घाणीचा शिधा आणतो. काम तेच."

त्या हत्तींची गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा ऐकवली की मला ती पाठ झाली होती. वडिलांनी म्हणे एकदा गुळाच्या भेलीच्या भेली परत पाठवल्या. व्यापारी म्हणाला, अहो, हत्तीला काय कळतंय? वडील म्हणाले, हत्ती तक्रार करत नाही, म्हणून तर त्याचा माल दोनदा बघायचा. शेवडेजींनी हे वाक्य असं उचललं होतं की दवाखान्यातल्या पेशंटांनाही ते हत्तीच म्हणायचे. "ताई, हत्तींसाठी सोडा आणायचाय, दोन ओळी टाइप करा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, या माणसाचा एखादा स्क्रू ढिला आहे.

त्यांच्या खाकी पिशवीत एक काचेचा पेला असायचा, धुतलेल्या रुमालात गुंडाळलेला. फिनाइल बघायचं तर पेल्यात पाणी घ्यायचं, वरून चार थेंब सोडायचे. चांगलं फिनाइल पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होतं. भेसळीचं असलं की वर तेलाचे तंतू तरंगतात. चुन्याचा खडा पाण्यात टाकून कानाशी धरायचे आणि तो किती जोरात फसफसतो ते ऐकायचे. साबणाला तर चक्क जीभ लावायचे! मी म्हटलं, "शेवडेजी, हे काय बिलकुल लहान मुलासारखं?" तर म्हणाले, "जिभेला चावला तर तो हाताला चावणार. आपल्या बायका दिवसभर हात घालून बसतात त्यात."

आणि चहा नाही. कुठल्याही दुकानात चहा नाही, पाणीसुद्धा नाही. पाण्याची बाटली घरची. राणीपुऱ्याजवळचे तैयबभाई म्हणून फिनाइलचे व्यापारी होते, मोठे अदबशीर गृहस्थ. ते दर खेपेला म्हणायचे, "शेवडेजी, एक प्याली?" आणि शेवडेजी दर खेपेला हात जोडायचे. अकरा वर्षं हे चाललं होतं. चहा घेतला की डोळ्यांत मीठ उतरतं, मग पेल्यातले तंतू दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

माझं आणि त्यांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. भाषेवरून. मी इंदुरात जन्मलेली, मिलच्या क्लार्कची मुलगी. माझ्या मराठीत हिंदी कुठे सुरू होते ते मलाच कळत नाही. त्यांची मराठी मात्र घरातली जपलेली, तबकात ठेवून द्यावी अशी. "तोंडात हवी तेवढी खिचडी करा," ते म्हणायचे, "पण कागदावर एका वेळी एकच भाषा. मराठीत लिहिलं तर मराठी, हिंदीत तर हिंदी. कागद वाचणाऱ्याला तुमचा चेहरा दिसत नसतो." मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, मोठे आले पंडित!

त्या पंडिताचं ऐकलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

भाद्रपद चालू होता. गणपती बसलेले. शनिवारी शेवडेजी दवाखान्यात जाऊन आले. तिथल्या कोठीचं छप्पर गळत होतं, म्हणून ते आमच्या मुकादमाला, मांगीलालला, सांगून आले की फिनाइलचे सगळे पीपे तळघरात नेऊन ठेव. सोमवारी सकाळी मांगीलालचा फोन आला. लाइन खरखरत होती. "बाई, शेवडेजी को बोल देना, फिनाइल के पीपे खाली हैं।" शेवडेजी बाहेर गेले होते. मी चिठ्ठी लिहिली, मराठीत, कारण त्यांना मराठी आवडायची: 'दवाखाना. फिनाइलचे पीपे खाली आहेत. मांगीलालचा फोन.' आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

शेवडेजी आले, चष्मा लावून चिठ्ठी वाचली, खाली काहीतरी शेरा मारला आणि टेबलावरच्या तारेला खोचून दिली. मी बघितलं. मला काय वाटणार? मला वाटलं, माल निघाला.

बुधवारी अनंत चतुर्दशी. आमच्या इंदुरात त्या दिवशी मिलांच्या झांक्या निघतात, म्हणजे गाड्यांवर उभे केलेले देवादिकांचे देखावे. सगळं शहर रस्त्यावर असतं. ऑफिस अर्ध्या दिवसाचंच होतं. मी पर्स उचलली आणि फोन वाजला. दवाखान्याची मेट्रन होती. तिचा आवाज मी अजून विसरले नाही. ओरडत नव्हती, तेच वाईट होतं.

"आपके लोग तीन दिन से हैजे का वार्ड सादे पानी से धो रहे हैं। आपको मालूम है?"

हैजा, म्हणजे कॉलरा! आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. रविवारीच पेशंट आले होते. दवाखान्यानं बोभाटा नको म्हणून मागची शेड उघडून गुपचूप त्यांना तिथे ठेवलं होतं. होतं तेवढं फिनाइल एका दिवसात संपलं होतं. मांगीलालनं सोमवारी फोन करून तेच सांगितलं होतं. आणि शेवडेजींचा माल आजवर कधी चुकला नाही, म्हणून बिचारा आज येईल, उद्या येईल, अशी वाट बघत बसला होता.

"छह बजे तक," मेट्रन म्हणाली, "नहीं तो मैं आपके आदमी वार्ड से निकाल दूँगी। और ठेका भी।"

मी धावतच जाऊन शेवडेजींना सांगितलं. त्यांनी तारेवरून चिठ्ठी काढली, एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"ताई, 'खाली' म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली! रिकामे!"

"मी वाचलं, तळघरात आहेत. मीच सांगून आलो होतो, खाली ठेवा म्हणून."

मराठीत खाली म्हणजे तळाशी, हिंदीत खाली म्हणजे रिकामं, आणि आमच्या इंदुरी तोंडात दोन्ही. एवढ्याशा शब्दापायी तिकडे माणसं ओकत होती आणि आमच्या बायका नुसत्या पाण्यानं ते पुसत होत्या. मला एकदम रडू आलं. आणि खरं सांगते, ते सगळं काही त्या पेशंटांसाठी नव्हतं. माझा नवरा मिलमध्ये पाय मोडून चार महिने घरी पडून होता. माझी नोकरी गेली तर घरात चूल पेटणार नव्हती. चिठ्ठी माझी, अक्षर माझं.

शेवडेजींनी चिठ्ठीची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. "चला," ते म्हणाले. "रडायला संध्याकाळ आहे. बाजार बंद झालाय, तैयबभाईंच्या घरी जावं लागेल. घरात बायका असतील, दार तुम्ही वाजवा."

तैयबभाई जेवून आडवे झाले होते. बाहेर आले, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माल है। गोदाम यहीं पीछे है।" मग थांबले. "लेकिन शेवडेजी, ग्यारह साल से पूछ रहा हूँ। आज आप मेरे घर आए हैं, दुकान पर नहीं। चाय पिए बगैर चाबी नहीं दूँगा।"

शेवडेजींचा चेहरा असा झाला की विचारू नका. घड्याळात तीन वाजून गेले होते. त्यांनी कप घेतला, बशीत ओतला, आणि एका दमात प्यायले. तोंड भाजलं असणार. तैयबभाईंनी किल्ली दिली आणि म्हणाले, "बस, इतनी सी बात थी।" त्यांना काय कल्पना, केवढी मोठी होती ती.

गोदामात आठ पीपे वेगळे काढले. मी म्हटलं, सुटलो. तर शेवडेजींनी पिशवीतून पेला काढला!

"अहो, काय करताय?"

"बघतोय."

चार थेंब. वर तेलाचे तंतू तरंगले. "हे नाही," शेवडेजी म्हणाले.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी ओरडलेच. "शेवडेजी, चार वाजायला आले! तिथे माणसं मरतायत आणि तुम्ही पेल्यात काय बघताय? नसल्यापेक्षा काहीतरी बरं ना!"

"नाही," ते म्हणाले. "काहीच नसलं तर मेट्रनला ठाऊक असतं की काही नाही. हे टाकलं तर सगळे समजतील, वार्ड साफ झाला." आणि तैयबभाईंना म्हणाले, "दूसरा दिखाइए।"

तैयबभाई ओशाळले. तो माल कोपऱ्यात जुना होऊन पडलेला होता, त्यांच्याही ध्यानात नव्हतं. मागच्या रांगेतले पीपे ओढून काढायला अर्धा तास गेला. पुन्हा पेला, पुन्हा चार थेंब. पाणी दुधासारखं पांढरंशुभ्र झालं. शेवडेजींनी पेला उजेडाकडे धरला आणि इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. तेव्हा कळलं मला, हा माणूस माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला आहे.

आता न्यायचं कसं? तांगा मिळाला, पण पुढच्या चौकात पोलिसांनी दोरी बांधलेली. झांक्या रांगेला लावायला निघाल्या होत्या, तांगे बंद, हातगाड्या बंद. माणसांचा नुसता समुद्र. पोलिसाला हात जोडले, दवाखान्याचं सांगितलं. तो म्हणाला, "आज तो सबको दवाखाने ही जाना है, बाऊजी।" पाच वाजत आलेले. मी रस्त्यावर, आठ पीप्यांच्या शेजारी, डोक्याला हात लावून उभी.

तेवढ्यात आमच्याच ठेक्यातल्या एका मिलची झांकी आली. भली मोठी गाडी, वर लाकडी मचाण, मचाणावर गोवर्धन उचललेला कृष्ण, तारेनं हलणारे गोप. शेवडेजी त्या गर्दीत असे घुसले की टोपी उडाली. झांकीवाल्या मिस्त्रीनं त्यांना ओळखलं. "अरे शेवडे भिया! आप यहाँ?" दोन मिनिटं बोलणं झालं. दवाखाना त्यांच्या वाटेवरच होता. मचाणाखाली फळ्यांच्या मधे जागा होती, बांबू आणि दोर ठेवायची. तिथे आठही पीपे गेले. वर कृष्ण, कृष्णाच्या करंगळीवर डोंगर, आणि सगळ्यांच्या पायाशी आमचं फिनाइल!

ती गाडी अशी मुंगीच्या पावलानं चालली होती की मला वाटलं, आता मीच ढकलते. शेवडेजी एक हात मचाणाला लावून, बोडक्या डोक्यानं, शेजारून चालत होते. लोक कृष्णावर फुलं टाकत होते, निम्मी ह्यांच्या कोटावर पडत होती. एकदाही त्यांनी ती झटकली नाहीत.

सहाला दहा मिनिटं कमी असताना दवाखान्याचं फाटक आलं. मांगीलाल धावत बाहेर आला, डोळे लाल. "पीपे कहाँ हैं, शेवडेजी?"

शेवडेजींनी बोटानं मचाणाच्या पोटाकडे दाखवलं. "खाली," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. मी तर नाहीच.

पहिली बादली त्यांनी स्वतः कालवली आणि स्वतः वार्डाच्या दारापर्यंत नेली. तिथे व्हरांड्यात आमची गेंदाबाई भिंतीला टेकून बसली होती, तीन दिवस ती शेड पाण्यानं धुणारी. दुपारपासून तिला उलट्या होत होत्या. शेवडेजींना बघून ती उठायला गेली आणि तिथेच आडवी झाली. तिला त्याच वार्डात उचलून नेलं. शेवडेजी बादली धरून तसेच उभे राहिले. पुढे कितीतरी दिवस ऑफिसला यायच्या आधी ते दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन मांगीलालला विचारायचे, "गेंदाबाई?" आणि मगच कामाला यायचे. गेंदाबाई वाचली. पण ते कळायला वेळ लागला, आणि सेठजींना तेवढा वेळ नव्हता.

सेठजींनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना समोर उभं केलं. मांगीलाल म्हणाला, "मैंने तो फोन पर बाई को लिखवा दिया था।" सेठजींनी माझ्याकडे बघितलं.

"बाई ने ठीक लिखा था?"

मी तोंड उघडायच्या आत शेवडेजी बोलले. "चिट्ठी ठीक थी, सेठजी। पढ़ने में मैं चूका।"

"दिखाओ।"

"गुम गई।"

चिठ्ठी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. मी एक शब्द बोलायचा होता. नाही बोलले. जमिनीकडे बघत उभी राहिले, पाय मोडलेल्या नवऱ्याचा विचार करत. सेठजींनी त्याच दिवशी 'परचेस'ची पाटी त्यांच्या टेबलावरून उचलली आणि त्यांना गोदामात बसवलं, आलेला माल मोजून घ्यायला. अकरा वर्षं माल पारखणारा माणूस, आणि त्याला आता नुसतं मोजायचं होतं. मला लाज वाटली, फार वाटली. पण लाजेनं माझी नोकरी जाणार नव्हती, आणि बोलल्यानं गेली असती. म्हणून मी लाजच पत्करली.

शेवडेजींनी मला कधीही काही बोलून दाखवलं नाही. गोदामाच्या दारातून जाताना म्हणायचे, "काय ताई, नवरा चालायला लागला का?" बस. नवा परचेसबाबू सगळीकडे चहा प्यायचा. कधीकधी आत डोकावलं की दिसायचं, शेवडेजी एकटेच आलेल्या फिनाइलचे चार थेंब पेल्यात सोडून बघतायत. त्यांना आता कुणी विचारत नव्हतं, तरी बघायचे. माल वाईट निघाला की पीप्यावर खडूनं फुली मारायचे. ती फुली कुणी वाचत नव्हतं.

मग ते रिटायर झाले, मी दुसरीकडे लागले. वर्षं गेली. सुदामा नगर नवीन वसत होतं, तिथे मुलानं घर बांधलं म्हणून ते तिकडे गेल्याचं कळलं. एका दुपारी मी मनाचा हिय्या करून गेले. खूप वाळले होते. ओळखलं मात्र लगेच. मी पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं. "शेवडेजी, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. चिठ्ठी माझी होती. चूक माझी होती. तुम्ही उगीच स्वतःवर घेतलीत."

ते उठले, आतून एक पत्र्याची पेटी आणली. रुमालात गुंडाळलेला पेला त्यात होता. पेल्यात घडी घातलेली चिठ्ठी.

"वाचा," म्हणाले.

माझं अक्षर. 'फिनाइलचे पीपे खाली आहेत.' आणि त्याखाली त्यांचं, रेखीव: 'बघितले.' सही.

"बघितले," ते म्हणाले. "ताई, मी कुठे बघितलं होतं? नुसतं वाचलं होतं. दवाखाना सायकलवर दहा मिनिटांवर. जन्मभर माल बघितल्याशिवाय 'बघितले' लिहिलं नाही, आणि त्या एका दिवशी लिहिलं. ही चिठ्ठी सेठला दाखवली असती तर त्यानं तुमचं अक्षर बघितलं असतं. माझा शेरा कुणी वाचला नसता. म्हणून नाही दाखवली. मी काही तुमची चूक घेतली नाही. माझी मीच ठेवली."

मी रडले, जे त्या संध्याकाळी राहून गेलं होतं. त्यांनी रडू दिलं. मग सुनेला हाक मारून चहा सांगितला आणि माझ्याबरोबर स्वतःही घेतला, बशीत ओतून.

निघाले तेव्हा ते काठी टेकत दारापर्यंत आले. ओट्याला पायऱ्या होत्या, शेवटची नवीनच बसवलेली आणि जरा खोल. मी चपला घालत होते.

"जपून हं ताई," वरून म्हणाले, "एक पायरी खाली आहे."

मी पाय उचलला होता, तो तसाच मागे घेतला. वाकून नीट बघितलं, मग उतरले. वळले तर दारात काठीवर दोन्ही हात ठेवून ते माझ्याकडे बघत होते, आणि मान हलवत होते, बरोबर आहे म्हणून.